पासंग

भर दुपारी गिरणीत आला तो, हातात हेल्मेट,
काखेत निळी फाइल.
पट्टा बंद करायला सांगितला
इतक्या नम्रपणे, की मी केला.
पिठाची धूळ खाली बसेपर्यंत दोघंही गप्प.

"मोरेश्वर कापगते. ओळखता?"
ओळखतो जी. आमच्याच गल्लीतला.
डेपोत माझ्या हाताखाली सहा वर्षं होता.
"त्याला आतल्या विभागात घ्यायचं चाललं आहे.
फाइलीत अकरा वर्षांपूर्वीची एक लाल ओळ आहे."

ती ओळ मला पाठ होती.
शेड नंबर सात. साडेपाचला
चावी सीलबंद पेटीत जायची, ती गेली नाही.
मोरेश्वरच्या खिशात बसून सायकलवर गावात आली,
आंगणात त्याच्यासोबत जेवायला बसली,
दुसऱ्या घासाला मांडीत रुतली.
ताट तसंच ठेवून निघाला गडी.
पुसाचा महिना, धानाच्या बांध्यांवर धुकं,
आठ किलोमीटर.
फाटकावरच्या साहेबाला झोपेतून उठवलं
आणि नोंदवहीत स्वतःच्या हातानं लिहिलं:
चावि माझ्याकडे राहिली.
वी ऱ्हस्व काढला होता, मला अजून दिसतो.
एक वेतनवाढ थांबली.
बायकोचं कानातलं त्या वर्षी राहिलं.

साहेब विचारत गेला, बोट फाइलीत ठेवून.
पुन्हा कधी?
नाही.
दारू, पत्ते, उधारी?
उधारी माझ्याकडे, दोन पायल्यांच्या दळणाची.
त्यानं तेही लिहिलं, मग हसून खोडलं.
"चूक त्यानं सांगितली, की सापडली?"
इथं पेन थांबलं.
"यावर बरंच असते," म्हणाला.

"सांगितली," मी म्हणालो,
आणि नजर तागडीवर गेली.
डावं पारडं मुळातच जड आहे तिचं.
उजव्याखाली मी एक खडा बांधला आहे चिंधीत.
पासंग. त्याच्याशिवाय माप खरं येत नाही.
गावाला माहीत आहे, कोणी विचारत नाही.

त्याच हिवाळ्यात, शेड नंबर चार.
जेवणाच्या सुट्टीत कुलूप लावलं असं मला वाटलं.
परत आलो तर कडी नुसती अडकवलेली,
कुलूप तोंड उघडून लोंबत होतं.
पेट्या मोजल्या. दोनदा. भरल्या.
कुलूप दाबलं. टक्.
पाहणारा एक सरडा,
तोही भिंतीच्या पलीकडे गेला.
निवृत्तीला हार, नारळ, भिंतीवरचं घड्याळ,
आणि साहेबाच्या भाषणात माझ्यासाठी
एक शब्द: निष्कलंक.
पेढ्यासोबत मी तोही गिळला.

"तुमच्या काळात अजून कोणाचं असं झालं?"
सवयीचा प्रश्न, तो उठतही होता.
"एकाचं. लिहा, शालिक बिसन डोंगरवार."
त्यानं लिहायला घेतलं, मग थांबला,
दारावरच्या पाटीकडे पाहिलं,
चक्की मालकाचं नाव वाचलं.
"तुम्ही रिटायर आहात, काका.
ह्या फॉर्मात तुमच्यासाठी रकाना नाही."
पेनाला टोपण लावलं. टक्.

दिवेलागणीला मोरेश्वर आला, डोक्यावर तांदूळ.
"आला होता का जी कोणी?"
आला होता.
पुढे त्यानं विचारलं नाही. मीही नाही सांगितलं.
पीठ उचललं, चार पावलं गेला, थांबला,
सदऱ्याचा खिसा चाचपला, मग विजारीचा,
मग चालू लागला.
अकरा वर्षं असाच चालतो.
शाळेतली पोरं नक्कल करतात त्याची.

तो वळणाआड गेल्यावर
मी तागडीखालचा खडा सोडून हातात घेतला.
सुपारीएवढा.
पारडं कललं, तसंच राहू दिलं थोडा वेळ.
मग आठवलं, सकाळी कटरेबाईंची जवारी येईल,
तिनं माझ्या चुकीचे पैसे काऊन द्यायचे?
पुन्हा बांधला.
गाठ मारताना बोटं जरासुद्धा थरथरली नाहीत,
त्याचंच नवल वाटलं.